बोटीच्या तळाचे नळ बदलताना

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत उत्तन, पाचूबंदर, अर्नाळा या किनाऱ्यांवर बोटी ओढून शाकारलेल्या असतात. जाळी दुरुस्त करणे, तळाच्या फळ्या तपासणे, इंजिन उघडणे ही कामे याच दिवसांत उरकली जातात. मात्र तळाला जी छिद्रे आपण मुद्दाम पाडलेली असतात, त्यांत बसविलेल्या नळांकडे व व्हॉल्व्हकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारा नळ हा त्यांतला प्रमुख.

अशाच एका पावसाळ्यात आम्ही बंदरावर गेलो असता एका तरुण बोटमालकाने हा नळ बंद करून दाखविण्यासाठी मूठ फिरविली आणि मूठ दांड्यासह त्याच्या हातात आली. नळ बाहेरून धडधाकट दिसत होता. बसवून तीन वर्षेही झाली नव्हती. बोट त्या वेळी वाळूवर होती, हे त्याचे सुदैव. आमचे शिक्षण धर्मशास्त्राचे, नळजोडणीचे नव्हे. तरीही त्या प्रसंगानंतर कारागिरांशी बोलून व वाचून जे समजले, ते बोटमालक बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

प्रथम धोका किती मोठा, ते पाहू. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर दीड इंची छिद्र उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. पंधरा लिटरच्या बादल्या धरल्यास नऊहून अधिक! ताशी ११०० अमेरिकन गॅलन असे छापलेला बिल्ज पंप मिनिटाला जेमतेम ७० लिटर उपसतो. तेही पाणी वर चढवावे लागत नसेल आणि बॅटरी पूर्ण भारलेली असेल तर. नांगरलेल्या बोटीत रात्री तांडेल व खलाशी झोपलेले असताना हे घडले, तर जाग येईपर्यंत इंजिन पाण्याखाली गेलेले असेल.

त्या तरुणाचा नळ साध्या पितळेचा होता. घराच्या नळजोडणीत पितळ वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तेच बोटीलाही चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि साध्या पितळेत जस्त ४० टक्क्यांपर्यंतही असते. खाऱ्या पाण्यात हे जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ तांबे. आकार तसाच राहतो, जोर मात्र संपतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: चाकूने पृष्ठभाग खरवडावा. पिवळी झळाळी दिसली तर ठीक. गुलाबी छटा दिसली तर तो नळ काढलाच पाहिजे. हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला, तरी संशय घ्यावा.

त्याऐवजी काय घ्यावे? लाकडी व फायबरच्या बोटींना गनमेटल किंवा ब्राँझ उत्तम. नेहमीच्या गनमेटलमध्ये ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त व शिसे प्रत्येकी ५ टक्के असते; जस्त इतके कमी असल्याने ते निघून जाण्याची भीती उरत नाही. किंचित आर्सेनिक मिसळलेले, ‘डीझेडआर’ वा ‘सीआर’ छाप असलेले पितळ हा मधला मार्ग आहे. दुकानदार ‘मरीन’ म्हणाला एवढ्यावर मात्र विसंबू नये. १९९४ च्या आयएसओ ९०९३ या आंतरराष्ट्रीय मानकात गंजरोधक धातूकडून अपेक्षा होती ती केवळ पाच वर्षे निर्दोष राहण्याची, हे लक्षात घ्यावे. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे नळ मुळीच गंजत नाहीत. पण आगीत ते वितळतात, त्यामुळे इंजिनाशेजारी बसविण्यापूर्वी विचार करावा. घरगुती पीव्हीसीला पाण्याच्या पातळीखाली स्थान नाही. लोखंडी बोटीला ब्राँझ थेट जोडल्यास खाऱ्या पाण्यात भोवतालचे लोखंडच झिजते. तेथे पोलादी तोटीच हवी.

धातूइतकाच व्हॉल्व्हचा प्रकार महत्त्वाचा. चाक फिरवून बंद होणारा गेट व्हॉल्व्ह स्वस्त असतो, पण तो उघडा की बंद हे पाहून कळत नाही. शिवाय तळाशी एखादा शिंपला अडकला की तो पूर्ण मिटत नाही. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो, आणि मूठ पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद, हे अंधारातही चाचपून कळते. फक्त आतील गोळा व दांडा कशाचा आहे ते विचारावे. बाहेर ब्राँझ आणि आत मुलामा दिलेले पितळ, असा माल बाजारात मिळतो.

आट्यांची एक अडचण सांगितलीच पाहिजे. आपल्याकडील आटे बहुधा बीएसपी पद्धतीचे, तर अमेरिकन मालाचे एनपीटी. अर्ध्या व पाऊण इंची मापात दोन्हींना इंचाला चौदाच आटे असल्याने ते एकमेकांत शिरतात आणि जुळल्यासारखे वाटतात. पण आट्यांचा कोन निराळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जुना तुकडा दुकानात सोबत न्यावा, आणि तळाची तोटी व व्हॉल्व्ह शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत.

पाइप जाळी घातलेल्या रबराचा असावा. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो व पंपाच्या ओढीने चपटा होतो. पाण्याच्या पातळीखालील प्रत्येक जोडावर दोन क्लिपा हव्यात, त्याही ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाच्या. पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा असतो. लोहचुंबक लावून पाहावा. स्क्रूला घट्ट चिकटला, तर दुसरी क्लिप मागावी.

प्रत्येक नळाशेजारी त्याच्या मापाची, निमुळती, मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवावी. बोट पाण्यात उतरविल्यावर लगेच बंदर सोडू नये. सर्व व्हॉल्व्ह एकदा बंद-उघडे करावेत, प्रत्येक जोडावर कोरडे बोट फिरवावे, आणि रात्रभर बोट नांगरून सकाळी तळातले पाणी पुन्हा पाहावे.