मेंढीचा माज कसा ठरतो? मेंदू आणि अंडाशयातील संप्रेरकांचे कार्य

कळपातील मेंढ्या माजावर येत नाहीत, म्हणून अनेक पशुपालक थेट इंजेक्शनची मागणी करतात. परंतु माज एकाच संप्रेरकामुळे येत नाही. मेंदू आणि अंडाशय यांच्यात ठरावीक क्रमाने संदेश गेले, तरच मेंढी माज दाखवते आणि बीज सुटते. हा क्रम समजला, तर कोणता उपचार लागू पडेल आणि कोणता वाया जाईल हे तुमच्या लक्षात येईल.

मेंदूचे काम

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक सलग न येता थांबून थांबून स्रवते. त्यामुळे पियुषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच रक्तात येतात. एफएसएचमुळे अंडाशयातील बीजपुटके वाढतात, तर एलएचमुळे ती पक्व होऊन बीज सुटते.

जीएनआरएच किती वेळाने स्रवावे, हे मेंदूतील काही विशिष्ट पेशी ठरवतात. त्यांतील किसपेप्टिन हे रसायन जीएनआरएच सोडायला लावते. न्यूरोकायनिन-बी या कामाला चालना देते, तर डायनॉर्फिन त्याला लगाम घालते.

अंडाशयाचे काम

मेंढीचे ऋतुचक्र साधारण 16 ते 17 दिवसांचे असते. बीज सुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. प्रोजेस्टेरॉन मेंदूला लगाम घालते, त्यामुळे मेंढी माजावर येत नाही. गर्भ राहिला नाही, तर सुमारे 14 व्या दिवशी गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिनमुळे पीतपिंड नष्ट होतो. लगाम सुटतो, बीजपुटक वाढते आणि इस्ट्रोजेन वाढू लागते.

इस्ट्रोजेनचे प्रमाण कमी असते, तेव्हा ते जीएनआरएच आणि एलएच आटोक्यात ठेवते. मात्र ते वाढून काही तास टिकले, की उलट परिणाम होतो. जीएनआरएच मोठ्या प्रमाणात सुटते, एलएच एकदम वाढते आणि सुमारे एका दिवसाने बीज सुटते. माज साधारण 24 ते 36 तास टिकतो आणि बीज माजाच्या अखेरीस सुटते.

आधी प्रोजेस्टेरॉन मिळालेले नसेल, तर बीज सुटूनही मेंढी माजाची लक्षणे दाखवत नाही. यालाच मुका माज म्हणतात.

कळपात काय करावे?

- पैदाशीचा मेंढा किमान एक महिना कळपापासून पूर्ण दूर ठेवून मग सोडावा. त्याच्या वासाने माजावर न येणाऱ्या मेंढ्यांत एलएच वाढते आणि 2 ते 3 दिवसांत बीज सुटते. हा पहिला माज बहुधा मुका असतो. त्यामुळे मेंढा लगेच काढू नये. खरा माज साधारण 17 ते 25 दिवसांत दिसतो.
- हडकलेल्या मेंढीत मेंदू जीएनआरएच कमी सोडतो. पैदाशीआधी 2 ते 3 आठवडे चांगल्या चाऱ्यासोबत खुराक द्यावा, जंतनिर्मूलन करावे.
- माज एकाच वेळी आणण्यासाठी प्रोजेस्टेरॉनयुक्त स्पंज 12 ते 14 दिवस योनीमार्गात ठेवतात आणि काढताना पीएमएसजी इंजेक्शन देतात. बहुतेक मेंढ्या पुढील 1 ते 3 दिवसांत माजावर येतात. हा उपचार नैसर्गिक क्रमाचीच नक्कल आहे, म्हणून स्पंज लवकर काढू नये.
- प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पीतपिंड असेल तरच काम करते. ऋतुचक्र बंद असलेल्या मेंढीत ते वाया जाते, तर गाभण मेंढीत गर्भपात होऊ शकतो. म्हणून आधी गर्भतपासणी करून घ्यावी.
- गर्भवती महिला आणि दम्याच्या रुग्णांनी प्रोस्टाग्लँडिन हाताळू नये. स्पंज हातमोजे घालूनच बसवावा.

संप्रेरकांचा वापर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा. त्याआधी मेंढ्यांचे वजन, खुराक आणि मेंढा सोडल्याची तारीख यांची नोंद ठेवावी. माज न येण्याचे कारण अनेकदा या नोंदींतूनच सापडते आणि इंजेक्शनचा खर्च वाचतो.