पेटींत पिकतें तें फळ वेगळें

दसरा-दिवाळीच्या सुमारास भाव चढला म्हणजे कळमेश्वर-काटोल भागांत हिरवीं संत्रीं तोडण्याची घाई होते. "पेटींत पिकतील" असें व्यापारी सांगतो. हें म्हणणें नासपातीस लागू पडतें, संत्र्यास नाहीं.

फ्रान्स देशांतील आंजे शहरीं, उद्यानमंडळाच्या बागेंत, १८४९ सालीं एका नव्या नासपातीस प्रथम फळ आलें. 'दोयेने द्यू कोमीस' या नांवानें ती जात पुढें जगन्मान्य झाली. तिचें फळ मोठें, साल नाजूक, गर लोण्यासारखा मऊ, रसाळ व सुवासिक असतो. परंतु हे गुण झाडावर प्रगट होत नाहींत. फळ टणक असतांनाच तोडून कांहीं काळ थंड जागीं ठेवावें लागतें व मग घरांत पिकवावें लागतें. देंठाजवळ दाबून किंचित् मऊ लागलें कीं तें खाण्यास योग्य झालें. झाडावरच पिकूं दिल्यास आंतला गाभा आधीं नासतो.

नासपाती, आंबा व केळें यांत पिष्ट सांठलेलें असतें. तोडणीनंतर त्याची साखर होते. संत्र्यांत असा सांठा नसतो. देंठ तुटतांच गोडीची आवक थांबते. इथिलीन वायूनें हिरवी साल पिवळी करतां येते, पण रस गोड होत नाहीं.

उलटपक्षीं, केवळ रंगावरही भिस्त ठेवूं नये. सालीस रंग येण्यास रात्रीचा गारवा लागतो. म्हणून आंबिया बहाराचें फळ आंतून तयार असूनही हिरवट दिसूं शकतें. यासाठीं निरनिराळ्या झाडांचीं, उन्हांतलीं व सावलींतलीं, फळें फोडून चाखावीं. साखर मोजण्याचें यंत्र मिळाल्यास रस सुमारें १० अंश भरला पाहिजे. फार उशीरही करूं नये. आपल्या संत्र्याची साल मुळांतच ढिली, ती सुटून फळ पोकळ होतें. तोडतांना ओढूं नये. कात्रीनें आंखूड देंठ ठेवून कापावें, म्हणजे साल फाटून कूज शिरत नाहीं.

नागपुरी संत्र्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें नांव आपणां सर्वांचें आहे. एकाच्या आंबट पेटीनें शेजाऱ्याचाही भाव पडतो. म्हणून बाग उक्ती देणाऱ्या बंधूंनीं, रस चाखल्यावांचून तोडणी होणार नाहीं, ही अट सौद्यांत आधींच लिहून घ्यावी.