संगीत विद्यालय आणि चरितार्थाचे गणित

परीक्षेची शिडी

अमरावतीत राजापेठेसारख्या वस्तीतल्या संगीतवर्गात पेटी, तबला आणि परीक्षेचा अर्ज या तीन गोष्टी गृहीत असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा असून त्यापुढे अलंकार आहे. या शिडीमुळे घराण्याबाहेरच्या मुलामुलींना राग-तालाचे पद्धतशीर ज्ञान मिळाले. मात्र विशारद झालेल्या व्यक्तीसमोर सहसा एकच वाट दिसते: आणखी एक वर्ग काढणे.

लाहोरचा नमुना

मूळ विद्यालयात ही वाट इतकी अरुंद नव्हती. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एखाद्या संस्थानाच्या आश्रयाऐवजी शुल्क, देणग्या आणि तिकीट लावलेले जलसे यांवर ते चालावे, अशी योजना होती. स्वरलिपीची पुस्तके छापायला स्वतःचा छापखाना आणि वाद्यांसाठी कारखाना होता. निवासी शिष्यांचा ‘उपदेशक’ वर्ग पुढे गावोगावी शिक्षक पुरवी. शिकवणे, छपाई, दुरुस्ती आणि मैफल ही कामे एकमेकांना जोडलेली होती. पुस्तक वर्गाला लागे आणि वर्गामुळे पुस्तक खपे. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली शिष्यांनी मंडळ स्थापले. अभ्यासक्रम आणि परीक्षा देशभर पोहोचल्या; छापखाना व कारखाना मात्र सर्वसाधारण वर्गाच्या कल्पनेत उरले नाहीत. खरी गफलत इथे आहे.

वऱ्हाडातील वाव

वऱ्हाडात संगीताला मागणी नाही, हे म्हणणे टिकत नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजन गावागावात नेले आणि १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारले. भजनी मंडळे, नवरात्र, लग्नसराई, शाळांची स्नेहसंमेलने या सगळ्यांना कलावंत लागतात, तसेच पेटीचे सूर जुळवणारा, तबल्याला शाई भरणारा, ध्वनियंत्रणा सांभाळणारा आणि ध्वनिमुद्रण करणारा माणूसही लागतो. ही कामे संगीताची जाण असलेल्याने केली तर अधिक चांगली होतात. विद्यालयाच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांची उमेदवारी, कार्यक्रमाचे अंदाजपत्रक आणि लेखी करार यांचा समावेश सहज करता येईल.

हक्क आणि मानधन

परंपरागत बंदिशीवर कोणाचीही मालकी नसते. पण ती गाणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणाच्या ध्वनिमुद्रणावर कायद्याने हक्क मिळतो. चित्रपट वा ध्वनिमुद्रिकेसाठी नवी चाल बांधणाऱ्याला तिच्या पुढील वापराच्या मानधनातील वाटा कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून देऊन टाकता येत नाही. रागाचे वादी-संवादी पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हेही ठाऊक असणे वाजवी आहे.

मर्यादा

व्यवसायाचे शिक्षण रियाजाची जागा घेऊ शकत नाही, आणि बाजार मागेल तेवढेच शिकवायचे ठरवले तर ख्याल आधी गळेल. उद्यमात जोखीमही असते. पलुस्करांनी १९०८ साली मुंबईत विद्यालय आणले, कर्ज काढून इमारत बांधली आणि जलशांच्या उत्पन्नातून ते फेडायचे ठरवले. अखेर धनकोंनी ती वास्तू लिलावात काढली. दुसरी मर्यादा काळाची आहे. घाईच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांतून यातले काहीच साधणार नाही: लाहोरला उपदेशक वर्गात येणाऱ्या शिष्याला नऊ वर्षे राहण्याचे लिहून द्यावे लागे.