जुन्या स्पोर्ट्स कारला टायर कोणते घालावेत?

जुनी स्पोर्ट्स कार हौसेने विकत घेणाऱ्याचे पहिले लक्ष रंगाकडे जाते, मग इंजिनाकडे, मग आसनांच्या चामड्याकडे. टायरांची पाळी सर्वांत शेवटी येते. ती येते तेव्हा मनात बहुधा दोनच विचार असतात. टायर जरा रुंद घातले की गाडी रस्ता घट्ट धरेल, आणि रिम जरा मोठी घातली की गाडी झोकात दिसेल. हे दोन्ही विचार आजच्या गाड्यांकडे पाहून सुचलेले असतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आखलेल्या गाडीच्या बाबतीत ते बरेचदा चुकतात, आणि ही चूक गॅरेजमध्ये कळत नाही. ती वळणावर किंवा पहिल्या पावसात कळते.

उदाहरणासाठी ‘एमजीबी’ ही ब्रिटिश गाडी घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ती तयार होत होती. टपाची ‘जीटी’ धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हिचे सुटे भाग जितके मिळतात, तितकीच तिच्या टायरांविषयी मतमतांतरेही मिळतात. आपल्याकडील वाचकाला ती अगदीच परकी वाटू नये. ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, त्याच ‘बी सीरिज’ घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन एमजीबीमध्ये आहे. मागे एकसंध ॲक्सल आणि त्याला आधार देणारे पाटे, हीदेखील ॲम्बॅसिडरच्या मालकाला ओळखीची रचना. या पाट्यांचा टायरांशी जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

सुरुवातीच्या एमजीबीला ५.६०-१४ मापाचे टायर होते. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, आणि दोन्ही इंचांत. आपल्या पद्मिनीला ५.२०-१४ आणि ॲम्बॅसिडरला ५.९०-१५ टायर असत, ते याच पद्धतीने लिहिलेले. हे ‘क्रॉस-प्लाय’ टायर. आपल्या बाजारात त्यांना सरसकट ‘नायलॉन’ म्हणत. पुढे एमजीबीला रेडियल टायर मिळू लागले: उघड्या गाडीला १५५ आणि जीटीला १६५ मिलिमीटर रुंदीचे. १९७३ साली याच जीटीत साडेतीन लिटरचे ‘व्ही-८’ इंजिन बसवले गेले आणि गाडी ताशी २०० किलोमीटरपर्यंत पोहोचली, तेव्हा कारखान्याने टायर किती रुंद केले? फक्त १७५. आज शहरात भाजी आणायला जाणाऱ्या छोट्या गाड्यांनाही याहून रुंद टायर असतात.

याचा अर्थ त्या काळच्या अभियंत्यांना रुंद टायर ठाऊक नव्हते असा नाही. टायर हा त्यांच्या हिशेबात स्प्रिंगेचाच एक भाग होता. उंच आणि लवचिक बाजूंचा टायर स्वतः दबतो, वळणावर थोडा कलतो, आणि घसरण्याआधी सूचना देतो. एमजीबीचे स्टिअरिंग, तिचे जुन्या धाटणीचे शॉकॲब्सॉर्बर, पुढच्या चाकांचे कोन हे सारे अशा टायरला धरून बेतलेले आहे. गाडीचे वजन सुमारे टनभर आणि स्टिअरिंगला यांत्रिक साहाय्य काहीच नाही. अशा गाडीला १९५ किंवा २०५ चे टायर घातले की ती उभ्या जागी वळवताना खांदे भरून येतात, आणि चालत्या गाडीतून रस्त्याचे बारकावे हाताला कळेनासे होतात. पावसाचा विचार केला तर अरुंद टायर पाणी कापत जातो, आणि हलक्या गाडीखालचा रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगू लागतो.

क्रॉस-प्लाय आणि रेडियल यांतला फरक येथे समजून घ्यायला हवा, कारण प्राणाशी गाठ पडणारी पहिली चूक याच ठिकाणी होते. क्रॉस-प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग जणू एकाच कापडाचे असतात. भिंत वाकली की तळवाही मुरडतो. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळव्याखाली वेगळा ताठ पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये असे टायर बाजारात आणले. रेडियलची भिंत वाकली तरी तळवा रस्त्यावर सपाट राहतो, म्हणून पकड अधिक आणि झीज कमी. पण त्याची पकड सुटते ती अधिक अचानक. क्रॉस-प्लाय लवकर आणि सावकाश घसरतो, आणि जुन्या चालकांना त्याची तीच गोष्ट आवडे.

पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय अशी जोडी कधीही करू नये. पुढची चाके वळण घट्ट धरतात, मागची त्याआधीच सुटतात, आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. ब्रिटनमध्ये अशी जोडी कायद्यानेच निषिद्ध आहे. एकाच ॲक्सलवर दोन प्रकार वापरणेही तितकेच वाईट. चारही टायर एका प्रकारचे असावेत, हा साधा नियम पाळला की बाकीचे पोटनियम लक्षात ठेवावे लागत नाहीत. माझे मत विचाराल तर एमजीबीला रेडियलच घालावेत. प्रदर्शनात बक्षीस मिळवायचे असेल, तरच नायलॉनच्या वाटेला जावे.

आता मापाचा हिशेब. जुन्या रेडियलवर नुसते ‘१६५ एसआर १४’ असे लिहिलेले असे. भिंतीची उंची त्यात नसे, कारण ती ठरलेलीच असे. रुंदीच्या सुमारे ८० टक्के. यातला ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. ‘एच’ असेल तर २१०. साध्या एमजीबीचा कमाल वेग ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणून तिला ‘एस’ पुरतो. आजच्या लिखाणात हाच टायर १६५/८० आर १४ होतो. भिंत १३२ मिलिमीटर, वर-खाली मिळून २६४, आणि १४ इंची रिमचे ३५६. म्हणजे चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. पर्याय शोधताना जपायचा आकडा हाच आहे.

१८५/७० आर १४ चा व्यास ६१५ भरतो. फरक एक टक्क्याहून कमी, चालेल. टायरवाल्याकडे हा नसला की तो बहुधा १८५/६५ पुढे करतो आणि ‘एकच आहे’ असे सांगतो. एकच नाही. त्याचा व्यास ५९६ आहे. चाक लहान झाल्याने ते दर किलोमीटरला वीस फेरे जास्त घेते. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ९६ ने धावत असते, आणि इंजिन त्याच वेगाला जास्त फिरत, जास्त आवाज करत राहते. शिवाय गाडीचे पोट सुमारे १२ मिलिमीटर खाली येते. मुळातच बुटक्या असलेल्या या गाडीला आपल्याकडच्या गतिरोधकांवर ते १२ मिलिमीटर फार मोलाचे असतात.

पंधरा इंची रिम वापरण्यात तत्त्वतः गैर काही नाही. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१ येतो, म्हणजे मूळ मापाच्या जवळच, आणि १५ इंची टायर मिळतातही सहज. अडचण रिमच्या रुंदीची आणि ती आत-बाहेर किती बसते याची. येथे ते पाटे पुन्हा समोर येतात. वळणावर पाट्यांवरचा ॲक्सल आडवा थोडा सरकतो. रुंद टायर उभ्या गाडीत मडगार्डपासून बोटभर दूर दिसला, तरी भरल्या गाडीत, वळणावर आणि खड्ड्यात तोच टायर मडगार्डच्या आतल्या काठाला घासतो. बऱ्याच एमजीबींमध्ये मागचा ॲक्सल नेमका मध्यावर नसतो, त्यामुळे एकीकडे जागा असते आणि दुसरीकडे नसते. म्हणून एका बाजूला चाक लावून पाहणे पुरेसे नाही. दोन्हीकडे लावावे, मागे दोन माणसांचे वजन टाकावे आणि मग हात घालून पाहावे. टायर बसावा म्हणून मडगार्ड कापणाऱ्या कारागिरापासून तर गाडी दूरच ठेवावी.

मडगार्ड कापण्याला आपल्याकडे आता कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करायची, तर ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर पडते.

आऱ्यांची चाके हा एमजीबीच्या सौंदर्याचा मोठा भाग, आणि कटकटीचाही. सायकलच्या चाकाप्रमाणे प्रत्येक आरा रिममधून आरपार जाऊन आतल्या बाजूने नट्टूने आवळलेला असतो. अशी रिम हवाबंद नसते, म्हणून तिला ट्यूब हवीच, आणि ट्यूबला ते नट्टू टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टी हवी. ट्यूब रेडियलसाठी बनवलेली आणि नेमक्या मापाची असावी; मोठी ट्यूब आत दुमडते, दुमड घासते, तापते आणि फाटते. आजचे टायर मुळात ट्यूबविना वापरायचे असल्याने त्यांच्या आतल्या बाजूला कागदी चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, आणि कित्येकांत उंचवट्याच्या रेघाही असतात. चिठ्ठ्या आठवणीने काढाव्यात आणि आतून रेघा असलेला टायर ट्यूबसाठी निवडूच नये. ट्यूब फुटली की हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते. या रिमची रुंदी साडेचार इंच असते. तिच्यावर १६५ उत्तम बसतो, १८५/७० ही शेवटची मर्यादा. १९६९ पासून आलेल्या पाच इंची पत्र्याच्या ‘रोस्टाइल’ चाकांवर मात्र १८५/७० खुशाल घालावा.

हवेच्या दाबाचे थोडक्यात. रेडियलसाठी मूळ पुस्तिकेतला दाब पुढे २१ आणि मागे २४ पौंड असा आहे. पंपावरचा मुलगा तो ऐकून हसेल आणि चारही चाकांत ३२ भरून देईल. त्याला थांबवावे. आजच्या टायरांना दोन-चार पौंड अधिक चालतात, पण पुढच्या-मागच्यातला फरक कायम ठेवावा.

आता वयाकडे वळतो; मापाची चूक एक वेळ परवडेल, वयाची परवडत नाही. जुनी गाडी वर्षात जेमतेम हजार किलोमीटर धावते. टायरवरची नक्षी तशीच राहते, काळा रंग चमकत राहतो आणि मालकाला वाटते की टायर नवे आहेत. रबर मात्र हवेतल्या प्राणवायूने आणि उष्णतेने आतून कडक होत असते. रबरात त्याच्या रक्षणासाठी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि टायर फिरताना, वाकताना ती पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षणही नीट मिळत नाही. शेवटी तळव्याखालचा पट्टा सुटू लागतो, आणि तो सुटतो वेगात असताना, कारण टायर तेव्हाच तापलेला असतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधील हाइंडहेडजवळ एका महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांच्या बसचा पुढचा टायर फुटला आणि बस झाडावर आदळली. चालकासह तिघांचा मृत्यू झाला. त्या टायरची नक्षी कायद्याला पुरेल इतकी होती, पण त्याचे वय एकोणीस वर्षांहून अधिक निघाले. तो ज्या बसला लावला होता तिच्याहूनही जुना होता. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये मालमोटारी व बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी आली. खासगी मोटारी त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ज्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, त्यांनाच ही बंदी लागू नाही. हौशी मालकाने ती स्वतःच लावून घ्यावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहाव्या वर्षी, नक्षी कितीही शाबूत असो, टायर बाद.

वय ओळखणे अवघड नाही. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच भिंतीवर असतात आणि ती आतल्या बाजूला आलेली असते, तेव्हा गाडीखाली वाकून पाहण्याची लाज बाळगू नये. चारऐवजी तीनच आकडे दिसले, तर तो टायर २००० सालापूर्वीचा, म्हणजे पाव शतकाहून जुना समजावा. गाडी विकत घेताना विकणारा ‘टायर नवे टाकलेत’ म्हणाला की हे आकडे त्याच्यासमोरच वाचावेत.

वाचताना डिकीही उघडावी. चार टायर बदलणारे बरेच मालक स्टेपनीला हात लावत नाहीत, आणि गाडीसोबत कारखान्यातून आलेला टायर तिथेच पडलेला असतो. रस्त्यात पंक्चर झाले की तोच चाकाला लागतो.