नव्वद दिवसांची मुदत

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात महिना ३०० रुपये भाड्यानं एक कुटुंब राहतं, असं धरा. दोन वर्षांचं भाडं थकलं, म्हणजे ७,२०० रुपये. मालकानं दावा लावला. आता बिऱ्हाड रस्त्यावर येणार, असंच कुणालाही वाटेल. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम १५ वाचलं की नवल वाटतं. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणासाठी दावाच लावता येत नाही. पुढे समन्स हातात पडलं की भाडेकरूला पुन्हा ९० दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं थकबाकी, कायद्यानं मान्य असलेली वाढ आणि १५ टक्के सरळव्याज भरलं, निकालापर्यंत पुढचं भाडं न चुकता दिलं आणि दाव्याचा खर्चही सोसला, तर थकबाकीपायी जागा खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. आपल्या उदाहरणात व्याज हजाराच्या आसपास जाईल. सव्वाआठ हजार आणि कोर्टखर्च, एवढ्यावर पेठेतली जागा टिकते! १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात नोटिशीची मुदत एकाच महिन्याची होती. (३०० रुपयांत वाड्याची कौलंही शाकारून होत नाहीत, ही मालकांची तक्रार खोटी नाही, पण तो वेगळा विषय.)

हे कवच सगळ्यांना नाही. आज पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी येणारा बहुतेक माणूस अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. त्याच्यासाठी याच कायद्याचं कलम २४ आहे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालक ताबा मागू शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाईही. ज्याचं भाडं जास्त, त्याचंच संरक्षण कमी, असा हा उफराटा प्रकार आहे.

करोनाच्या टाळेबंदीत, १७ एप्रिल २०२० रोजी, राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सूचना दिली होती: भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. भाडं माफ मात्र झालं नव्हतं. अमेरिकेनं त्याच संकटात थकलेल्या भाड्यासाठी दोन टप्प्यांत ४६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. आपल्याकडे मिळाला तो वेळ. पैसे ज्याचे त्यानं उभे करायचे.

ते उभे राहतात कुठून? पतसंस्थेतून, सोनं तारण ठेवून आणि पुष्कळदा भिशीतून. बारा जणी दरमहा हजार-हजार काढतात, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. पण एखादीच्या घरावर वेळ आली की जिचा नंबर लागला ती म्हणते, ‘या महिन्यात तू घे, माझं पुढे बघू.’ ना तारण, ना अर्ज, ना जामीनदार. जमैकातून ब्रिटनमध्ये गेलेल्या लोकांना कर्ज मिळणं मुश्कील होतं, तेव्हा त्यांनी अशाच ‘पार्डनर’मधून पैसे जमवून घरं घेतली. जावा बेटावरची भिशी म्हणजे ‘आरिसान’. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये तिच्यावर लिहिलं. भिशी चालवणारा पैसे घेऊन पळाला तर सगळंच बुडतं, हा धोका आहेच. म्हणून ती ओळखीतलीच बरी.

भाड्याच्या थकबाकीसारखं गृहकर्जाचं घड्याळही नव्वदच्याच आकड्यावर चालतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादित ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि तेवढ्यात देणं फेडलं नाही, तर बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागते.

तेव्हा नोटीस किंवा समन्स आलं तर ते घडी घालून कपाटात ठेवू नका. शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मागता येतो. कागदावरची तारीख वाचा आणि दिवस मोजायला त्याच दिवशी सुरुवात करा.