पऱ्हाटीपासून बॉनेटपर्यंत

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस बीडमधल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात, ट्रॉल्यांना रंग हवा असतो आणि खंडेनवमीची झेंडूची माळ ताज्या रंगावरच पडावी असा मालकाचा हट्ट असतो. त्या दिवसांत रस्त्याने जाताना पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर वास येतो. तो थिनरमधल्या ॲसिटेटचा. या वासामागे मी वीस-बावीस वर्षं फिरतो आहे आणि घरामागच्या शेडमध्ये एका जुन्या जीपला तीनदा रंग दिला आहे. आता छोटा कॉम्प्रेसर कुणालाही घेता येतो, त्यामुळे ओळखीचे लोक येतात आणि एकच विचारतात, ‘टिकेल असा रंग कोणता?’

त्याचं उत्तर मी कापसापासून सुरू करतो. बाजारात ज्याला एनसी म्हणतात, तो रंग म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा घेऊन त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात जी पऱ्हाटी उभी असते, तिच्याच जातीचं हे लेणं. १८४५-४६च्या सुमारास बासेलच्या क्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला ते सापडलं. सांडलेलं आम्ल त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसलं आणि वाळताना तो एप्रन भपकन जळून गेला, अशी गोष्ट सांगतात. नायट्रोजन जास्त चढवला तर त्या कापसाची बंदुकीची दारू होते. बेताने चढवला तर रंग होतो किंवा सिनेमाची फिल्म. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तो याच कुळातल्या फिल्मवर. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, तेव्हा अशा नायट्रेट फिल्मच्या जुन्या रिळी जळून गेल्या. एनसीचा डबा उघडताना मला दर वेळी ती आग आठवते.

बाकी इतिहास थोडक्यात. १९१४ ते १९२५ फोर्डची मॉडेल टी फक्त काळी मिळे. १९२३ साली ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचा एनसी रंग आणला आणि पुढच्याच वर्षीच्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात रस्त्यावर आल्या. मेक्सिकोचा भित्तिचित्रकार सिकेरोस तर याच रंगाने चित्रं काढू लागला. आपल्याकडे फवाऱ्याने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला सुतारापासून मिस्त्रीपर्यंत सगळे आजही ‘ड्युको’ म्हणतात.

एनसी फक्त थिनर उडून सुकतो. म्हणून सुकल्यावरही थिनरचं फडकं फिरवलं की तो विरघळतो. नवा हात जुन्या हातात मुरतो, दुरुस्ती सोपी जाते. पण मराठवाड्याच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तो निस्तेज होतो आणि पॉलिश मागत राहतो.

टिकतो तो पीयू. १९३७ साली जर्मनीत ओटो बायरने ज्या रसायनातून पॉलियुरेथेन घडवलं, त्याचं हे अपत्य. रंगात हार्डनर मिसळला की दोघांचं एकजीव जाळं विणलं जातं. मग थिनर, पेट्रोल, ऊन कशालाच तो सहजी दाद देत नाही. मात्र त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कामातून जडणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत जगभर त्याचं नाव घेतलं जातं. फवारताना ते छातीत जातं, कातडीवाटेही बाधतं. त्रास कधी कधी रात्री, काम संपून कित्येक तासांनी सुरू होतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. वासावरून सावध व्हावं तर तेही जमत नाही, कारण वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. म्हणूनच काडतुसाचा मास्क संपला तरी कळत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. तो ज्याच्याकडे नाही त्याने पीयू घरी फवारू नये, असं माझं ठाम मत आहे. जुनी जीप असेल तर एनसी घरी मारा. रोजची कार असेल तर घासणं, पुट्टी, प्रायमर घरी करा आणि रंग व क्लिअर कोट बूथ असलेल्या गॅरेजात द्या.

एनसीलाही तोंडाला रुमाल बांधून चालत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस आणि पुढे धुळीची गाळणी असलेला मास्क लागतो, तोही दाढी नसलेल्या चेहऱ्यावर घट्ट बसलेला.

आधी जुना रंग ओळखा. कोपऱ्यात थिनरचं फडकं घासा. रंग फडक्याला लागला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल, काहीच झालं नाही तर कारखान्यातला भाजलेला रंग किंवा पीयू. इनॅमलवर थेट एनसी मारला की तो उकलून येतो. आणि जुन्या काळी-पिवळीचा पिवळा कधीही कोरडा घासू नका. त्या पिवळ्यात शिशाचं क्रोमेट असू शकतं. शिशाची ९० पीपीएमची मर्यादा घालणारे २०१६चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. पाणी मारत वॉटर पेपरनेच घासा.

पुट्टीला ८० नंबर, मग २२०, प्रायमरवर ४००, रंगाआधी ६००. माझे मिस्त्री म्हणायचे, ‘डोळे झाकून तळहात फिरव. डोळे फसवतेत, हात नाही फसवत.’ खड्डा खरंच तळव्याला आधी कळतो.

हवेचं गणित मात्र मला ठेच लागून कळलं. पहिल्या वेळी श्रावणात बॉनेट मारलं आणि अर्ध्या तासात त्यावर दुधी पांढरी साय आली. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर साचतं आणि रंगात अडकतं. मे महिन्यात उलटं होतं. चाळिशीपार उन्हात थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतो आणि रंग खरखरीत बसतो. तेव्हा सावकाश उडणारा थिनर लागतो. आपल्याकडचा खरा मोसम कार्तिकाचा. दव ओसरल्यावर, वारा उठण्याआधी, शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवायची. गन पत्र्यापासून वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्यायचं.

गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसी पुस्तकावर नोंद करून घ्या. एमएच-२३ची गाडी असेल तर बीडला, एमएच-४४ची असेल तर अंबाजोगाईला.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते, ओसरीवरच्या पणतीपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत सहज पोचते आणि तिथून आग घेऊन उलटी येते. म्हणून सध्या माझ्या शेडमध्ये जीपचं बॉनेट प्रायमर लावून, चादर पांघरून पडलं आहे. डबा बंद आहे. भाऊबीज झाली, अंगणातल्या शेवटच्या पणत्या उचलल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पहिला हात देईन.