कान कुठे लावायचा? अवघड रॉकच्या आस्वादाविषयी

जून १९६९मध्ये अमेरिकेत कॅप्टन बीफहार्ट आणि त्याच्या मॅजिक बँडचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा दुहेरी अल्बम निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात किंग क्रिम्झनचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ आला. या दोन अल्बमवरून रॉकच्या श्रोत्यांत पडलेली फूट अर्धशतक उलटून गेले तरी सांधलेली नाही. एका बाजूला हे संगीत म्हणजे रॉकने गाठलेली उंची मानणारे आहेत, दुसऱ्या बाजूला हा निव्वळ आव आहे असे म्हणणारे. हा वाद अनेकदा आवडीनिवडीचा म्हणून सोडून दिला जातो. पण ज्याला आवडत नाही तो बहुतेक वेळा या संगीतात जे नाहीच ते शोधत असतो, आणि ज्याला आवडते त्याला कान कुठे लावायचा हे कळलेले असते. अवघड संगीत आवडणे हा सहनशक्तीचा भाग नाही. लक्ष कशाकडे द्यायचे हे शिकता येते, आणि ते शिकल्यावर केलेली निवड, मग ती नापसंतीची का असेना, जास्त वजनाची असते.

मुळात विषम मात्रा ही काही अडचण नव्हे. पिंक फ्लॉइडचे १९७३चे ‘मनी’ सात मात्रांत बांधलेले आहे आणि तरी ते जगभर गाजले. रूपकात बांधलेली गाणी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तर सातचे वावडे असायचे कारणच नाही. ‘मनी’ पचते, कारण बास गिटारची ओळखीची धून त्या सात मात्रा घट्ट धरून ठेवते आणि गिटारच्या एकल वादनाच्या वेळी गाणे सरळ चार मात्रांवर येते. म्हणजे श्रोत्याला बोट धरायला काहीतरी दिलेले आहे. किंग क्रिम्झनच्या १९७४च्या ‘रेड’मधील ‘स्टारलेस’ हे बारा मिनिटांचे गाणे हाच आधार वेगळ्या जागी ठेवते. पहिली चार-साडेचार मिनिटे जॉन वेटनच्या आवाजातले संथ, उदास गीत आहे. ते कोणालाही आवडते. मग गाणे थांबते आणि बास गिटार तेरा मात्रांचा एक खालचा आकृतिबंध पुन्हापुन्हा वाजवू लागते. त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच सूर दोन तारांवर आलटून पालटून छेडत राहतो आणि तो सूर अगदी सावकाश वर चढवतो. बिल ब्रुफर्डचे तालवाद्य आधी तुरळक खुटखुटते, मग भरत जाते. चाल शोधणाऱ्या श्रोत्याला ही मिनिटे रिकामी वाटतात, कारण इथे चाल नाहीच. इथे ऐकायचा आहे तो ताण: कोणता सूर केव्हा सरकला, कोणता ठोका नव्याने आला. तो धरून बसलेल्या माणसाला शेवटी सॅक्सोफोनवर सुरुवातीचीच धून परत आल्यावर जे मिळते, ते त्या रिकाम्या वाटणाऱ्या मिनिटांशिवाय मिळालेच नसते. इथे गुंतागुंत गाण्याचे काम करते आहे, दागिना म्हणून लटकत नाही.

याच मंडळींपैकी फ्रिप आणि ब्रुफर्ड १९८१मध्ये नव्या साथीदारांसह ‘डिसिप्लिन’ घेऊन आले तेव्हा अवघडपणाची जात बदललेली होती. त्यातल्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये फ्रिप आणि एड्रियन बेल्यू यांची दोन गिटार एकच आकृती वाजवतात आणि मग त्यांतले एक गिटार एक सूर गाळते. त्यामुळे दोन्ही आकृत्या फेरीगणिक एकमेकींपासून सरकत जातात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. दोन्ही गिटार एकदम ऐकू गेल्यास नुसती झिलमिल कानावर पडते. एका वेळी एकच गिटार धरले की घसरण स्पष्ट ऐकू येते आणि पुन्हा जुळण्याची वाट पाहावीशी वाटते. कुठे कान लावायचा याचे याहून स्वच्छ उदाहरण रॉकमध्ये सापडणे कठीण.

‘ट्राउट मास्क रेप्लिका’ या कसोटीचे सर्वांत टोकाचे प्रकरण. अठ्ठावीस तुकड्यांचा हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, की वाजवणाऱ्यांना वाजवता येत नाही आणि गाणारा वेगळ्याच खोलीत आहे. दुसरी शंका तर जवळपास खरीच आहे: डॉन व्हॅन व्लीट ऊर्फ बीफहार्टने हेडफोन न लावता, काचेपलीकडून जेवढा आवाज झिरपेल तेवढ्यावर गायन ध्वनिमुद्रित केले. पहिली शंका मात्र साफ चुकीची. व्लीटला रूढ अर्थाने पियानो येत नव्हता, तरी तो पियानोवर तुकडे बडवायचा. ड्रमवादक जॉन फ्रेंच ते लिहून काढून, जुळवून प्रत्येकाला शिकवायचा. लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागातल्या एका घरात हा चमू कित्येक महिने तालीम करत राहिला. मग बहुतेक वाद्यभाग एकाच बैठकीत काही तासांत मुद्रित झाले. गोंधळ घालणाऱ्यांना हे जमत नाही. पहिलाच ‘फ्राउनलँड’ हा तुकडा पावणेदोन मिनिटांच्या आतला आहे. त्यात प्रत्येक वाद्याचे वाक्य वेगळ्या लांबीचे आहे, आणि एकेका वाद्याचा माग काढत ऐकले तर विस्कळीतपणाच्या जागी चार स्वतंत्र चाली दिसू लागतात. ‘द सिम्पसन्स’चा जनक मॅट ग्रोनिंग याने सांगितले आहे, की पहिल्यांदा त्याला हा अल्बम भयंकर वाटला होता आणि सहा-सात वेळा ऐकल्यावर तो सर्वश्रेष्ठ वाटू लागला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला आहे. अर्थात या कलाकृतीची किंमत माणसांनी चुकवली. त्या घरातली उपासमार, धाकदपटशा आणि मारहाण फ्रेंचने पुढे लिहून ठेवली आहे, आणि मूळ अल्बमच्या श्रेयनामावलीत त्याचेच नाव नव्हते. संगीताच्या मोठेपणाने त्या वागण्याचे समर्थन होत नाही.

ग्रोनिंगच्या अनुभवावरच पहिला आक्षेप उभा राहतो. सहा-सात वेळा ऐकल्यावर काहीही आवडेल, ही तर नुसती सवय! आक्षेपाला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८मध्येच दाखवले होते, की एखादी गोष्ट वारंवार समोर आली एवढ्यानेसुद्धा तिच्याविषयीची पसंती वाढते. पण सवय सगळ्यांवर सारखी काम करत नाही. आरॉन मेस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना टॉमस किंकेड या लोकप्रिय अमेरिकी चित्रकाराची आणि जॉन एव्हरेट मिले या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकाराची चित्रे कमी-अधिक वेळा दाखवली. किंकेडची चित्रे जितकी जास्त वेळा दिसली तितकी त्यांची पसंती घटली. मिलेच्या चित्रांबाबत तशी घट दिसली नाही. एका प्रयोगाने सिद्धान्त होत नाही आणि चित्र म्हणजे गाणे नव्हे. तरीही पुन्हापुन्हा भेटण्याने निव्वळ सवय लागते असे नाही, पारखही होते, हे म्हणायला यातून जागा मिळते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: हे सगळे थोतांड आहे, विद्वत्तेचे प्रदर्शन आहे. या संगीताच्या चाहत्यांनी तो मोकळेपणाने मान्य करायला हवा, कारण अशी उदाहरणे आहेत. येस या गटाचा १९७२चा ‘क्लोज टू द एज’ अठरा मिनिटांच्या एका रचनेत सुरुवातीचा कल्लोळ, मधली शांतता आणि शेवटची उसळी नेटकी बांधतो. पुढच्याच वर्षीच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून चार रचना उभ्या केल्या आणि ऐंशी मिनिटे भरून काढली. त्यात सुंदर जागा आहेत, पण पुष्कळ भाग केवळ लांबी भरतो. त्यांचा स्वतःचा कीबोर्डवादक रिक वेकमन याला तो अल्बम इतका कंटाळवाणा वाटे, की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने रंगमंचावरच करी खाल्ली, हे त्यानेच सांगितले आहे. १९७४मध्ये तो गट सोडून गेला. बडा घर पोकळ वासा, ही म्हण इथे लागू पडते. पण यातून एवढेच ठरते, की गुंतागुंत हा स्वतःहून गुण नाही. ती दोषही नाही, हे दुसऱ्याच गोटातून कळते. पंकचा चेहरा असलेला जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडचा तिरस्कार जाहीर करणारा टी-शर्ट घालायचा, आणि त्यानेच जुलै १९७७मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या लावल्या तेव्हा त्यांत कॅप्टन बीफहार्ट, जर्मनीचा कॅन हा गट आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा पीटर हॅमिल होते. फुगवटा त्याला खपत नव्हता, अवघडपणा चालत होता. हा फरक त्याच्या नकलाकारांपेक्षा त्याला नीट कळला होता.

उरतो तिसरा आक्षेप: संगीत थेट भिडले पाहिजे, मात्रा मोजत कोण ऐकतो? खरे तर मोजत कोणीच ऐकत नाही. ख्यालाच्या मैफलीत जाणता श्रोताही सतत बोटे मोजत बसत नाही. पण समेवर येणारी तान त्याला थेट भिडते ती ताल अंगात मुरलेला असतो म्हणून. ‘थेट’ वाटणाऱ्या अनुभवामागे बहुधा अशी विसरलेली शिकवणी असते. चार मात्रांचा रॉक सोपा वाटतो, कारण ती शिकवणी आपण लहानपणीच, नकळत पुरी केलेली असते. तेरा मात्रांची मात्र जाणतेपणी करावी लागते. चाहत्यांचे चुकते ते इथे: ते या शिकवणीचा बिल्ला करून मिरवतात आणि ज्याला आवडले नाही त्याला अडाणी ठरवतात. अशा मिरवण्याने नवे कान दूर पळतात.

म्हणून एक सूचना. ‘मनी’पासून सुरुवात करा आणि सातची फेरी पकडा. मग ‘स्टारलेस’ संपूर्ण, मधे न उठता ऐका आणि मधल्या भागात फक्त बास धरा. त्यानंतर ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये एकच गिटार, आणि सर्वांत शेवटी ‘फ्राउनलँड’, प्रत्येक वेळी वेगळे वाद्य धरून. एवढे केल्यावर जर कोणी म्हणाले, की यातले एकही आवडले नाही, तर ते मत मान्य करायला हवे. ते ऐकून दिलेले मत असेल, आणि न ऐकता केलेल्या कौतुकापेक्षा त्याची किंमत नक्कीच जास्त आहे.